टांकसाळीतली चूक की नंतरची इजा: नाणे तपासताना काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या डब्यात आपल्याला चार नाणी इतरांपेक्षा वेगळी वाटली. पहिले 2000 सालचे स्टेनलेस स्टीलचे एक रुपयाचे नाणे असून त्याच्या कडेचा चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा नाही. दुसरे 1998 सालचे क्युप्रोनिकेलचे (तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे) पाच रुपयांचे नाणे असून त्यातल्या पाचच्या आकड्यावर ‘भारत’ ही अक्षरे उलटी उमटलेली दिसतात. तिसरे 2010 सालचे पिवळ्या धातूचे पाच रुपयांचे नाणे आता तांब्यासारखे लालसर दिसते, आणि चौथा 1901 सालचा राणीछाप रुपया आहे, ज्याच्या मुकुटावरच्या कडेला खाच पडली आहे. यांपैकी टांकसाळीतच चुकलेली कोणती, नंतर खराब झालेली कोणती, आणि हे स्वतः कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे.

छायाचित्रांवरून माझे मत असे आहे की, पहिले नाणे बहुधा खरे एरर, म्हणजे टांकसाळीतच चुकलेले, आहे, दुसरे मुद्दाम दाबून बनवलेले आहे, तिसरे रसायनामुळे रंग बदललेले आहे आणि चौथ्याचा कधीतरी दागिना झाला होता. या मतापर्यंत मी कसा आलो ते सविस्तर लिहितो, कारण तीच रीत पुढच्या नाण्यांनाही लागू पडते.

नाणे हातात आल्यावर ‘हे किती विचित्र आहे’ हा विचार बाजूला ठेवून ‘हे टांकसाळीत नेमके कोणत्या क्षणी घडू शकते’ असे विचारावे. त्यासाठी नाणे बनण्याचा क्रम डोळ्यांपुढे हवा. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात आणि स्वच्छ केल्या जातात, आणि एका यंत्रात अरुंद होत जाणाऱ्या खोबणीतून लोळवून त्यांची कड उचलली जाते. मग चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते आणि वरची व खालची डाय (नक्षी कोरलेले ठसे) एकाच दाबाने तिच्या दोन्ही बाजूंवर छाप उमटवतात. या वेळी धातू पसरतो तो कॉलरला अडेपर्यंत, म्हणून नाण्याचा व्यास कॉलर ठरवते. खरी चूक चकतीची असते, डायची असते किंवा छाप पडतानाची असते. ज्या दोषाला या साखळीत कुठेच जागा सापडत नाही, तो नंतरचा आहे असे धरून चालावे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकावी.

दुसरी गोष्ट धातूच्या हालचालीची. डायचा तुकडा उडाला किंवा तिला तडा गेला, तर त्या रिकाम्या जागेत नाण्याचा धातू शिरतो आणि नाण्यावर उंचवटा दिसतो. नाण्यावर बाहेरून आघात झाला, तर खड्डा पडतो आणि हटलेला धातू खड्ड्याच्या काठावर साचतो. म्हणून डायच्या तड्याची रेषा उठावदार, नागमोडी आणि बहुतेक वेळा कडेपासून आत शिरणारी असते, तर ओरखडा खोल असतो आणि त्याच्या दोन्ही काठांना धारदार कंगोरा लागतो. कडेजवळचा डायचा तुकडाच निघाला असेल, तर तिथे आकारहीन गोळा दिसतो आणि नाणे उलटल्यावर नेमक्या त्याच जागेमागची नक्षी अस्पष्ट सापडते, कारण तिकडच्या धातूला पुरेसा दाबच मिळालेला नसतो. कोणी वरून धातूचा थेंब चिकटवून असा गोळा बनवला, तर मागची नक्षी सुस्पष्ट राहते आणि बनाव तिथेच उघडा पडतो.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि नवखे संग्राहक तिथे दोन्ही दिशांनी फसतात. छाप पडताना डाय आणि चकती यांच्यामध्ये दोरा, तार, कापडाचा तुकडा किंवा घट्ट झालेले ग्रीस आले, तर नाण्यावर खोलगट खूण उमटते, आणि तरीही ती टांकसाळीतलीच असते. अडकलेल्या दोऱ्याची खूण दहापट भिंगाखाली, बाजूने तिरपा प्रकाश टाकून पाहावी. तिची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखी असते, वळणे सैल पडलेल्या दोऱ्याची असतात, तळ गुळगुळीत असतो किंवा त्यात दोऱ्याचा पीळही दिसतो, आणि काठावर हटलेला धातू नसतो. खिळ्याने ओढलेल्या रेघेचा छेद मात्र इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो, तिची खोली हाताच्या जोराप्रमाणे कमी-जास्त होते आणि अक्षरावरून जाताना ती अक्षराचा धातू पुढे ढकलत नेते. दोन्ही खुणा एकदा शेजारी ठेवून पाहिल्या की पुढे घोटाळा होत नाही.

ग्रीसने डायमधले अक्षर बुजले, तर ते अक्षर किंवा सालातला एखादा आकडा नाण्यावर उमटतच नाही. हा दोष अगदी सर्रास आढळतो आणि त्याला फारशी किंमत नसते. मात्र आकडा घासून काढून तसाच देखावा उभा करता येतो. ग्रीसमुळे राहिलेल्या जागेची पातळी आणि झळाळी आसपासच्या सपाट भागासारखीच असते. घासलेल्या जागी थोडा खळगा पडतो आणि एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेषा दिसतात.

आता आपल्या 1998 च्या पाच रुपयांकडे येऊ, कारण बाजारात सर्वाधिक फसवणूक याच प्रकारात होते. आधी छापलेले नाणे डायला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर डायऐवजी त्या नाण्याचाच छाप बसला, तर जे घडते त्याला ब्रोकेज म्हणतात. अशा नाण्याच्या एका बाजूस सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावदार असते आणि दुसऱ्या बाजूस तीच सिंहमुद्रा खोलगट व आरशातल्यासारखी उलटी असते. महत्त्वाचे हे की, चिकटलेले नाणे डाय आणि चकती यांच्या मध्ये असल्याने त्या जागी पाचचा आकडा उमटणे शक्यच नसते. चिकटलेल्या नाण्याने अर्धीच जागा झाकली असेल, तर उरलेल्या अर्ध्या भागात आकडा दिसेल, पण झाकलेल्या भागात तो दिसणार नाही. आपल्या नाण्यावर मात्र पाचचा आकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची फुलांची नक्षी पूर्ण आहे आणि उलटे ‘भारत’ त्यांच्यावर उमटले आहे. म्हणजे नाणे आधी व्यवस्थित छापून झाले आणि नंतर दुसऱ्या नाण्यासह शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून किंवा हातोडीने ठोकून दाबले गेले. छाप दोनदा बसलेल्या नाण्यात दोन्ही खुणा क्वचित एकत्र येऊ शकतात, परंतु दुसरा छाप सहसा कॉलरबाहेर बसतो आणि नाण्याचा आकारच बिघडतो. आपले नाणे तर गोल आहे.

यावर विक्रेता म्हणेल की हा ‘डाय क्लॅश’ आहे, म्हणजे मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आदळल्या आणि एकीची खूण दुसरीवर उमटली. हा दोषही खरा असतो आणि त्यातही उलट्या आकृतीची बाह्यरेषा दिसते. फरक खुणेच्या जागेत आहे. डायवर नाण्याची नक्षी खोल कोरलेली असते, त्यामुळे नाण्यावरचा सपाट भाग हा डायचा सर्वांत उंच भाग असतो. दोन डाय आदळल्यावर मार बसतो तो याच उंच भागाला. म्हणून खऱ्या क्लॅशच्या रेषा नाण्याच्या सपाट भागातच सापडतात आणि आकड्याच्या किंवा अक्षरांच्या माथ्यावर येत नाहीत. दोन नाणी एकमेकांवर दाबली, तर नेमके उलटे होते. आधी कडा टेकतात, मग आकड्याचे माथे, आणि सपाट भाग सर्वांत शेवटी. आपल्या नाण्यावर उलटी अक्षरे पाचच्या माथ्यावर सर्वांत ठळक आहेत आणि कडही दोन ठिकाणी चेपली आहे. एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

एक रुपयाच्या नाण्याबद्दल मात्र मला आशा आहे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि कापणारा पंच आधीच पडलेल्या भोकावर थोडा आला, तर चकतीचा चंद्रकोरीएवढा भाग मुळातच नसतो. ही चूक चकतीची, म्हणजे छाप पडण्याच्या आधीची आहे, आणि तिच्या चार खुणा तपासता येतात. पहिली खूण कमानीची. ती त्याच मापाच्या पंचाने झालेली असल्यामुळे तसेच दुसरे नाणे त्या खाचेत ठेवल्यास जवळजवळ नेमके बसते. कात्रीने किंवा ड्रिलने कापलेल्या खाचेची वक्रता बहुधा वेगळी असते. दुसरी खूण अक्षरांची. छाप पडताना खाचेजवळचा धातू रिकाम्या जागेकडे सरकतो, त्यामुळे तिथली अक्षरे बारीक होत जातात, ओढल्यासारखी किंवा पुसट दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने तोडावे तसे एकदम तुटते. तिसरी खूण समोरच्या कडेची, आणि हिला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कड उचलण्याच्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला खाच आली की त्या क्षणी तिच्या नेमक्या समोरच्या बिंदूवरही दाब उरत नाही, आणि तिथली कड अर्धवट राहते. ही खूण नसली म्हणजे नाणे बनावटच असे म्हणता येत नाही, कारण खाच फार लहान असेल तर ती दिसत नाही. परंतु ती असली, तर तिची नक्कल करणे फार अवघड आहे. आपल्या छायाचित्रात खाचेच्या समोर, सालाच्या डाव्या बाजूस, कड पातळ झालेली मला दिसते.

चौथी खूण वजनाची. 1992 ते 2004 या काळातल्या स्टीलच्या रुपयाचे प्रमाणित वजन 4.85 ग्रॅम आणि व्यास 25 मिलिमीटर आहे. खाचेने अंदाजे आठ टक्के क्षेत्र गेले असेल, तर वजन साडेचार ग्रॅमच्या जरा खाली यायला हवे. त्याहून बरेच कमी भरले, तर काही वेगळे घडले आहे.

वजन आणि व्यास यांची जोडी इतरत्रही फार उपयोगी पडते. रुपयाचा छाप चुकून पन्नास पैशांच्या चकतीवर बसला, तर नाणे 3.79 ग्रॅमचे भरते, आणि चकती मुळातच लहान असल्याने कडेजवळची अक्षरे कापली जातात. नुसते ‘पातळ’ वाटणारे नाणे असेल, तर आधी व्यास मोजावा. पातळ चकतीवर छापलेल्या नाण्याचा व्यास कॉलरमुळे पूर्ण असतो आणि कमी भरते ते केवळ वजन. आम्लात बुडवलेले नाणे सगळीकडून झिजते, म्हणून त्याचा व्यासही घटतो, अक्षरे सडपातळ होतात आणि कडेवरचे दाते बोथट पडतात. संग्राहकांच्या बाजारात ‘पातळ चकती’ म्हणून येणाऱ्या नाण्यांपैकी पुष्कळशी आम्लाचीच असतात.

लोहचुंबक हेही साधे आणि भरवशाचे साधन आहे. फेरिटिक स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, 1960 आणि 70 च्या दशकांतला शुद्ध निकेलचा रुपयाही चिकटतो, परंतु क्युप्रोनिकेल, निकेल-ब्रास आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाहीत. 2000 सालचा रुपया चिकटला नाही, तर आश्चर्य करण्यास जागा आहे. चिकटला, तर चकतीच्या धातूबद्दलची शंका संपली.

तिसऱ्या नाण्याविषयी. पिवळ्या पाच रुपयांचा निकेल-ब्रास हा मिश्रधातू तांबे, जस्त आणि थोडे निकेल यांचा असतो. ओलसर माती, खारे पाणी, चिंच-लिंबाचा रस किंवा बाजारातले पॉलिश यांमुळे पृष्ठभागातले जस्त निघून जाते आणि मागे लालसर तांबे उरते. ‘तांब्याच्या चकतीवर छापलेले पाच रुपये’ म्हणून ज्या नाण्यांची जाहिरात होते, ती बहुतांशी हीच असतात. इथे क्षणाचा प्रश्न पुन्हा विचारावा: 2010 साली रोजच्या चलनासाठी तांबड्या धातूची चकती वापरातच नव्हती, तर ती यंत्रात आली कोठून? शिवाय रंग केवळ वरचा असतो. कडेच्या माथ्यावर जिथे हातांचे घर्षण होते, तिथे मूळ पिवळा रंग डोकावतो, आणि वजन सहा ग्रॅमच्या आसपासच राहते. खात्री करण्यासाठी नाणे खरवडू नये, तिरप्या प्रकाशात कड पाहणे पुरे.

रंगाच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. चकत्या तापवताना भट्टीत काही बिघडले, तर क्युप्रोनिकेलचे नाणे मुळातच काळसर किंवा तांबूस निघू शकते, आणि आगीत सापडलेले नाणेही वरवर तसेच दिसते. भट्टीतल्या दोषात रंग एकसारखा असतो आणि त्यावरून छाप पडलेला असल्याने झळाळी कायम असते, तर आगीतल्या नाण्यावर पापुद्रे, फुगवटे किंवा ठिकठिकाणी बदलणाऱ्या छटा असतात. वापरून झिजलेल्या नाण्यात हा भेद पुसला जातो, आणि अशा वेळी छायाचित्रावरून निकाल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्यातल्या नाण्यांचे आणखी थोडे. नाशिकला गोदावरीत किंवा पंढरपूरला चंद्रभागेत वाहिलेली नाणी दोरीला बांधलेल्या चुंबकाने पुन्हा वर काढली जातात, म्हणून बाजारात परतणाऱ्या अशा नाण्यांत स्टीलची नाणी अधिक असतात. वाळूने त्यांची अक्षरे गोलसर झालेली असतात आणि जिथे गंज शिरला तिथे वेडेवाकडे, तळाशी तपकिरी खड्डे असतात. हे खड्डे ‘चकतीचा पापुद्रा निघाला’ म्हणून खपवले जातात. खरा पापुद्रा पट्टी लाटल्या गेलेल्या दिशेने, लांबट आकारात निघतो. तो छापाआधी निघाला असेल, तर खोलगट भागातही नक्षी पुसटशी उमटलेली असते, आणि छापानंतर निघाला असेल, तर तळाशी एकाच दिशेच्या रेषा दिसतात. गंजाला अशी दिशा नसते.

राणीछाप रुपयाची खाच ओळखायला महाराष्ट्रात फार विचार करावा लागत नाही. चांदीच्या रुपयांच्या माळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होत्या, आणि त्यासाठी सोनार चेहऱ्याच्या माथ्यावर, म्हणजे नेमक्या बाराच्या ठिकाणी, डाख देऊन कडी बसवत असे. पुढे कडी काढून जागा कानशीने साफ केली, की तिथले कडेचे दाते नाहीसे होतात, समांतर ओरखडे राहतात आणि डाखाचा करडा ठिपका खाचेच्या कोपऱ्यात टिकतो. आपल्या नाण्यात तिन्ही गोष्टी आहेत. अशा रुपयाचे वजन मूळच्या 11.66 ग्रॅमपेक्षा कमी किंवा, डाख उरला असल्यास, क्वचित किंचित जास्तही भरते. याच नाण्यांवर सराफांनी चांदी पारखण्यासाठी मारलेले बारीक छापही आढळतात, आणि त्यांना इतिहास म्हणून मोल असले, तरी ती टांकसाळीची चूक नव्हे.

आपण विचारले नाही, तरी दुहेरी अक्षरांबद्दल लिहिणे भाग आहे, कारण ‘डबल डाय’ या नावाखाली सर्वांत जास्त साधी नाणी विकली जातात. डाय तयार करतानाच तिच्यावर आकृती दोनदा, जरा सरकून, बसली, तर तिने छापलेल्या प्रत्येक नाण्यावर अक्षरे दुहेरी येतात. दोन्ही प्रती गोलसर आणि पूर्ण उंचीच्या असतात, आणि अक्षराच्या टोकांना स्पष्ट खाच दिसते. अमेरिकेचा 1955 सालचा लिंकन सेंट याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. याउलट, छाप पडून डाय सुटताना ती जराशी हलली, तर अक्षराच्या एका बाजूला चपटी, चकाकणारी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर तेवढेच अरुंद होते. ही हालचाल टांकसाळीतच होते, पण ती इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यात आतली चकती नसलेली कडी विकायला येतात. चकती बसलीच नव्हती आणि कड्यावर तसाच छाप पडला, तर कड्याचा धातू आतल्या मोकळ्या जागेकडे सरकतो, त्यामुळे भोक लहान व किंचित वेडेवाकडे होते आणि आतली धार बाहेर आलेली दिसते. पूर्ण नाण्यातून चकती ठोकून काढलेली असेल, तर भोक स्वच्छ गोल राहते आणि आतल्या भिंतीवर चकती घट्ट धरून ठेवल्याच्या खुणा असतात. आणि दहा रुपयांवर रुपयाचे चिन्ह आहे की नाही, पाकळ्या किती आहेत, यांवरून कोणी एरर म्हणत असेल, तर ते सोडून द्यावे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच दहा रुपयांची 14 वेगवेगळ्या नक्षींची नाणी वैध असल्याचे जाहीर केले होते. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या फसव्या प्रस्तावांबद्दलही त्याच बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केले होते.

आता आपण काय करावे ते सांगतो. एक रुपयाचे नाणे कोणत्याही कारणाने धुऊ किंवा पुसू नये, कारण चकतीच्या कापलेल्या भिंतीवरचा मूळ पृष्ठभाग हाच पुढचा पुरावा आहे. ते शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलावे. खाचेची भिंत कडेकडून, नाणे उभे धरून, बाजूच्या प्रकाशात टिपावी. त्या भिंतीवर कानशीच्या समांतर रेषा आहेत का, हे मला पाहायचे आहे. खाचेच्या समोरच्या कडेचे दोन्ही बाजूंनी जवळून छायाचित्र घ्यावे, आणि त्याच सालाचा एक साधा रुपया शेजारी ठेवून तिसरे घ्यावे. वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास भरले आणि भिंतीवर रेषा नसल्या, तर ते नाणे एरर म्हणून नोंदवण्यास माझी हरकत राहणार नाही.